पृष्ठ एकशे अठरा ते एकशे पंचवीस

अड्याळच्या वाचनालयात यादोराव लोणारे ग्रंथपाल होते तोवर शाळकरी मुलांना पुस्तक मागून मिळत नसे. मोठ्यांनी कपाटासमोर उभे राहावे, हवे ते काढावे, नोंदवहीत सही करावी. त्यात यादोराव पडत नसत. पण आठवी ते बारावीच्या मुलामुलींसाठी शनिवारची दुपार राखून ठेवलेली होती, आणि त्या दुपारी कोणी काय न्यायचे ते यादोराव ठरवत. सकाळची शाळा सुटली की मुले येऊन सतरंजीवर बसायची. नवीन आलेल्याला यादोराव टेबलापाशी बोलावत आणि दोन प्रश्न विचारत. "तुह्या घरी सकाळी सगळ्यायच्या आधी कोण उठते?" आणि "तुले राग कायचा येते?"

उत्तर ऐकून ते आतल्या खोलीत जात आणि एक पुस्तक घेऊन बाहेर येत. आतल्या कपाटात कथा-कादंबऱ्या नव्हत्याच. होती ती माणसांची आयुष्ये: कोणी स्वतः लिहिलेली, कोणी दुसऱ्याने लिहिलेली, मिळून एकशे बारा. सगळ्यांना एकसारखे खाकी कव्हर, पाठीवर फक्त दाखल क्रमांक. आडनाव पाहून पुस्तक खाली ठेवणारे वाचक यादोरावांनी पाहिले होते. असे वाचक गावाच्या सगळ्या मोहल्ल्यांत होते, स्वतः यादोरावांच्या मोहल्ल्यातही. मुलाने निदान वीस पाने वाचावीत आणि मग हे कोणाचे ते त्याला कळावे, असा त्यांचा हिशेब होता.

नावे झाकल्यामुळे मुलांनी आपली नावे पाडली होती. नद्यांवर पूल बांधलेल्या इंजिनियरचे आत्मचरित्र म्हणजे 'पूलवाला', दृष्टी गेलेल्या शिक्षकाचे चरित्र म्हणजे 'आंधळा मास्तर'.

"काकाजी, मले पूलवाला द्या ना. डोमाले कसा देल्ला तुमी?"

"डोमाले पाण्याचं भेव लागते म्हणून देल्ला. तुले कायचं भेव लागते?"

"इंग्रजीचं."

"मंग आंधळा मास्तर ने. अन् पंधरा दिवसानं आणून देजो, नाही त मी तुह्या घरी येऊन चहा पिईन."

मुले हसत. पंधरा दिवसांची मुदत मात्र चुकवत नसत, कारण यादोराव खरोखरच घरी जात आणि खरोखरच चहा पीत.

त्यांचा जन्म १९६१ चा. आजोबांनी छप्पन साली नागपुरात दीक्षा घेतलेली. वडील बिडी कारखान्यात कामाला. घरात पहिले पुस्तक आले ते बुद्धविहारातून, तेही वाचायला दुसऱ्याच्या मुलाला बोलवावे लागे. या घरातले यादोराव पहिले मॅट्रिक. पुढे ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम केला, काही वर्षे शेतमजुरी, काही वर्षे एका शाळेत शिपाई, आणि भंडाऱ्यापासून गोंदिया वेगळा झाला त्या वर्षी, १९९९ च्या पावसाळ्यात, ते वाचनालयाच्या खुर्चीवर बसले. त्यांच्या हातची पुस्तके वाचलेली दोन मुले सैन्यात गेली, एक तलाठी झाला, तिघी शिक्षिका झाल्या. ही यादी लोक सांगत. यादोराव स्वतः सांगत नसत, पण कोणी सांगू लागले तर थांबवतही नसत.

एक गोष्ट मात्र त्यांनी कोणापाशी काढली नाही. मॅट्रिक ते तिसऱ्या खेपेला झाले होते. दोनदा नापास, गणितात आणि इंग्रजीत. मधले एक वर्ष त्यांनी वडिलांच्या शेजारी बसून बिड्या वळल्या. ग्रंथपालाच्या खुर्चीला हे शोभत नाही असे त्यांना वाटे. मुलांनी वर पाहायचे असते, आणि वर पाहिल्यावर नापास माणूस दिसू नये.

२००३ साली कमलेश पळाला. कमलेश हा नववीतला मुलगा, धानाचे व्यापारी भैय्याजी यांचा धाकटा. यादोरावांनी त्याला एका जुन्या नटाचे आत्मचरित्र दिले होते. तो नट तेराव्या वर्षी घर सोडून फिरत्या कंपनीत गेलेला. कमलेशने ते दोनदा वाचले आणि एका सोमवारी शाळेच्या दप्तरात दोन शर्ट कोंबून तो पवनीच्या एसटीत बसला. नवव्या दिवशी वडशाच्या एका नाटक कंपनीत पडदे ओढताना सापडला. भैय्याजी त्याला घरी टाकून तडक वाचनालयात आले. पुस्तक त्यांनी टेबलावर आपटले.

"लोणारे, तुमी पोरायले शिकवून राहिले का पळवून राहिले?"

"भैय्याजी, त्याच्या पुढच्या पानावर लिवलं हाय का तो नट घराच्या आठवणीनं..."

"पुढचं पान तो कायले वाचते? त्याले पयलंच आवडलं ना!"

वाचनालयाचे अध्यक्ष दादाजी त्या वेळी तिथे पेपर वाचत बसले होते. ते भांडखोर नव्हते. भैय्याजी गेल्यावर त्यांनी पेपरची घडी घातली आणि एवढेच म्हणाले, "यादोराव, पोरायले चांगलं तेवढं देत जा. वाईट त्यायले आपल्या आपण भेटते."

त्या दिवाळीच्या सुटीत यादोरावांनी एकशे बारा पुस्तके पुन्हा वाचून काढली आणि त्यांतली चौदा वेगळी ठेवली. या चौदांमध्ये मोठी माणसे पळून गेली होती, दारू प्याली होती, परीक्षेत नापास झाली होती, खोटे बोलली होती, आणि एक-दोघांना जगणे नकोसे झाले होते. ती पाने राहू द्यायची नाहीत हे ठरले. पण कशी काढायची? शाईने खोडणे त्यांना पटेना. फाडणे तर नाहीच. पुस्तक फाडणाऱ्याला ते माणसात मोजत नसत. चिकटवणे हा त्यांना मधला मार्ग वाटला. पान जागच्या जागी राहील, फक्त उघडणार नाही.

खळ त्यांची पत्नी वच्छलाबाई करून देत. तांदळाचे पीठ पाण्यात शिजवायचे, गाठी मोडायच्या, आणि कसर लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचे. एरवी वर्षातून एकदा, कव्हरे बदलताना, एक डबा पुरे. त्या सुटीत पाच डबे लागले.

"अवो, एवढी खळ कायले लागते? पुस्तकं चिकटवून राहिले का भित्ती लिपून राहिले?"

"जुनी झाली पुस्तकं. पाठी सुटल्या," यादोराव म्हणाले.

तेरा पुस्तकांत त्यांनी पानांच्या कडांनाच खळ लावली. चौदावे एका परिचारिकेचे आत्मचरित्र होते. कोकणातून मुंबईला गेलेली मुलगी, पुढे मोठ्या इस्पितळाची मेट्रन झालेली. त्यात पृष्ठ एकशे अठरा ते एकशे पंचवीस ती परीक्षेत नापास होते, पुन्हा नापास होते, आणि एका संध्याकाळी समुद्राच्या काठी जाऊन पाण्याकडे पाहत बसते. हा भाग यादोरावांना सगळ्यांत धोक्याचा वाटला. इथे त्यांनी कडांवर भिस्त ठेवली नाही. ब्रशने पूर्ण पानभर खळ लावली आणि वर पाटा ठेवून दोन दिवस दाबून ठेवले. पाच पानांचा एक पुठ्ठा झाला. एकशे सतराव्या पृष्ठावर मुलगी वसतिगृहात दाखल होत होती, आणि उलटले की एकशे सव्विसाव्यावर तिच्या डोक्यावर परिचारिकेची टोपी चढत होती.

रक्षा पहिल्यांदा आली ती २००७ च्या जुलैत, अकरावी सायन्सला. वडील मारोतराव धानाचे शेतकरी, बाजाराच्या दिवशी भाजीही विकत. आई शकुनबाई दम्याने बिछान्याला टेकलेली.

"घरी पयले कोण उठते?"

"मीच."

"अन् राग?"

रक्षाने थोडा विचार केला. "दवाखान्यात त्या बाया आईले 'ए म्हातारे, सरक' म्हणतात. नाव लिवलं असते ना कागदावर. वाचत काहून नाहीत?"

यादोराव उठले आणि 'नर्सबाई' घेऊन आले. इतके सरळ जुळलेले पुस्तक त्यांच्या हातून फार कमी वेळा गेले असेल.

पंधरा दिवसांनी तिने पुस्तक आणले तेव्हा तो पुठ्ठा बोटांत धरून दाखवला. "काकाजी, हे पानं चिकटले हायेत. काय हाय इथं?"

"पावसानं ओलं झाल्तं. काही नाही तिथं, वसतिगृहाचं वर्णन हाय," यादोराव म्हणाले.

दोन वर्षांत रक्षाने त्या कपाटातली एकतीस पुस्तके वाचली. मधूनमधून 'नर्सबाई' पुन्हा नेई. नर्सिंगला जायचे हे तिचे ठरलेले होते, आणि ते तिने घरात सांगितलेही होते. मारोतराव बाजारात गिऱ्हाइकांना सांगत, "आमची पोरगी सिस्टर होते. मंग तुमी बिमार पडा बिनधास्त."

बारावीत ती नापास झाली. भौतिकशास्त्रात सत्तावीस. बाकी विषयांत बरी. ऑक्टोबरच्या फेरपरीक्षेचा फॉर्म भरायची शेवटची तारीख पुढच्या बुधवारी होती; हे यादोरावांना माहीत होते, कारण शाळेची सूचना त्यांनीच वाचनालयाच्या फळ्यावर लिहिली होती. निकालाच्या आठवड्यातल्या शनिवारी रक्षा आली. त्या दिवशी दुसरे कोणी आलेले नव्हते. सतरंजी घडी करून कोपऱ्यात ठेवलेली होती. तिने 'नर्सबाई' टेबलावर ठेवले.

"काकाजी, हे वापस."

"बरं. ठेव तिथं."

ती उभी राहिली. यादोराव नोंदवहीत तारीख लिहीत होते. त्यांना ठाऊक होते की ती नापास झाली आहे. गावात निकालाच्या दिवशीच कळले होते. सत्तावीस आणि पस्तीस यांच्यात आठ गुण असतात, आणि आठ गुणांसाठी कोणी समुद्राकाठी बसत नाही किंवा बिड्या वळत नाही, असे काहीतरी त्यांना म्हणता आले असते. वाक्य तोंडापर्यंत आले होते, असे ते पुढे म्हणत. पण ते म्हणायचे तर आधी स्वतःचे सांगावे लागले असते.

"दुसरं पुस्तक देऊ?" त्यांनी विचारले.

"नको," रक्षा म्हणाली. आणखी थोडा वेळ ती फळ्याकडे पाहत राहिली. मग गेली.

बुधवार आला आणि गेला. तिने फॉर्म भरला नाही. मारोतरावांनी तिला शहापूरला मामाकडे पाठवले. दोन वर्षांनी लग्न झाल्याचे कळले. यादोराव पत्रिका आली तरी लग्नाला गेले नाहीत. त्या दिवशी वाचनालयात तपासणी आहे, असे त्यांनी घरी सांगितले. तपासणी नव्हती.

पुढची नऊ वर्षे शनिवार चालू राहिले. मुले कमी होत गेली. हातात मोबाइल आले, शिकवणीचे वर्ग शनिवारी दुपारीच भरू लागले. 'नर्सबाई' त्यांनी पुन्हा कोणाला दिले नाही. का, ते त्यांनी स्वतःलाही विचारले नाही.

२०१८ च्या नोव्हेंबरात त्यांच्या उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचे ठरले. भंडाऱ्यातला एक खासगी दवाखाना. खाली औषधाचे दुकान, वर एक लांबट खोली, भिंतीला लागून बाकडी. शस्त्रक्रियेआधी तासभर दर दहा मिनिटांनी डोळ्यात थेंब टाकायचे आणि डोळे मिटून बसायचे. थेंब टाकणाऱ्या बाईने कागद वाचला. बाकीच्यांना ती "आजोबा", "बाबाजी" म्हणत होती, पण प्रत्येकाचे नाव आधी घेत होती. यादोरावांपाशी येऊन ती थांबली.

"यादोराव लोणारे. अड्याळ. काकाजी, वर पाहा."

त्यांनी वर पाहिले. थेंब पडला. डोळे मिटायच्या आधी त्यांनी तिला ओळखले होते.

"रक्षा?"

"डोळे उघडू नका. हो, मीच."

ती नर्स नव्हती. थेंब टाकणे, पट्टी बदलणे, पेशंटला हाताला धरून आत नेणे, फरशी पुसणे, असे सगळे मिळून तिचे काम होते. सहा वर्षे झाली होती. नवरा ट्रॅक्टर चालवतो, मुलगी पहिलीत आहे, आई गेली, हे दहा-दहा मिनिटांच्या अंतराने, एकेका थेंबाबरोबर कळत गेले. चौथ्या थेंबाला ती म्हणाली, "तुमचं वाचनालय चालू हाय ना? मी पोरीले सांगतो, आमच्या गावात एक काकाजी होते, तोंड पाहून पुस्तक देत."

यादोराव मिटल्या डोळ्यांनी हसले.

"पण काकाजी, एक सांगू?" तिचा आवाज अगदी साधा होता. "ते सगळे लोक लय मोठे होते. पूलवाला, नर्सबाई. कोणी कधी पडलंच नाही त्यायच्यातलं. मी नापास झाली तवा मले वाटलं, हे आपलं काम नाही. हे त्या लोकायचं काम हाय. फारमच नाही भरला मंग."

पाचवा थेंब टाकायला ती दहा मिनिटांनी आली. त्या दहा मिनिटांत यादोरावांना बोलायचे होते ते सगळे त्यांनी मनात जुळवले. ती आली, पापणी वर केली, थेंब टाकला, आणि यादोरावांनी डोळे मिटून घेतले. आतून हाक आली आणि तिने त्यांना हाताला धरून नेले.

डॉक्टरांनी महिनाभर वाचन बंद सांगितले. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी त्यांनी वच्छलाबाईंना वाचनालयाची किल्ली दिली, कपाट सांगितले, पाठीवरचा क्रमांक सांगितला. पुस्तक आल्यावर म्हणाले, "यातले मधले पानं सोडव. मले दिसत नाही."

वच्छलाबाईंनी पुठ्ठा चाचपला. मग नवऱ्याकडे पाहिले. "ही माही खळ हाय."

"हो."

"पाच डबे."

"हो."

ओले फडके, चहाच्या भांड्याची वाफ आणि भाकरीचा पातळ उलथना, एवढ्यावर त्या दोन दुपारी बसल्या. मोरचुदाने आपले काम चोख केले होते. पंधरा वर्षांत एक किडा लागला नव्हता. पहिली जोडी सुटली. दुसरी सुटली, पण जागोजागी कागदाचे पापुद्रे निघाले. शेवटच्या दोन जोड्या सुटल्या नाहीत, फाटल्या. एका पानावरची अक्षरे समोरच्या पानावर जाऊन उलटी बसली होती, आणि त्यांच्याखालचा कागद चिंध्यांसारखा लोंबत होता.

वच्छलाबाई चौथीपर्यंत शिकलेल्या. राहिले तेवढे त्यांनी बोट ठेवून वाचून दाखवले. "निकालाच्या फळ्यावर माझं नाव नव्हतं. मी वरून खाली तीनदा वाचलं. मग खालून वर वाचलं." पुढे दुसऱ्यांदा नापास झाल्याचे होते. पुढे समुद्राचा काठ. मग फाटले होते.

"मंग काय झालं?" वच्छलाबाईंनी विचारले.

"माहीत नाही. आठवत नाही." मग यादोराव म्हणाले, "मीही दोनदा नापास झाल्तो. मॅट्रिकले."

"माहीत हाय मले."

"तुले कोणं सांगतलं?"

"तुमच्या मायनं. लग्नाच्या आधीच. म्हणे, पोरगा हटी हाय, दोनदा पडला तरी उठला, म्हणून देऊन टाका तुमची पोरगी." त्यांनी फडके पिळले. "मी कधी विचारलं नाही. तुमाले नसंल सांगाचं, म्हणून."

महिन्याने तपासणीला जाताना त्यांनी पुस्तक पिशवीत घातले. दुपारी गर्दी ओसरल्यावर रक्षा जिन्याच्या पायरीवर चहा घेऊन बसली होती. यादोराव तिच्या खालच्या पायरीवर बसले आणि पुस्तक तिच्या हाती दिले.

"हे पावसानं ओलं नव्हतं झालं. मी चिकटवलं होतं. वाच."

रक्षाने कव्हरवरून हात फिरवला, पान काढले. वाचताना तिचा चहा गार झाला. ती सावकाश वाचत होती. फाटलेल्या जागी बोटाने कागद सपाट करून अक्षरे जुळवत होती. समुद्राच्या काठापर्यंत आली आणि थांबली. पुढच्या चिंध्या तिने उलटसुलट करून पाहिल्या.

"मंग काय केलं तिनं?"

यादोरावांनी हा भाग पंधरा वर्षांपूर्वी शेवटचा वाचला होता, तोही चिकटवायचा की नाही हे ठरवण्यासाठी. ते आठवू लागले. "मंग ती वापस आली," ते म्हणाले. "घरी कोणी काही बोललं नाही. बापानं फक्त शेजारी जागा करून देल्ली. सकाळी कामावर बसाचं अन् दुपारच्या सुटीत गणित सोडवाचं. बंडलाच्या कागदावर. बाप तेंदूचे पत्ते कापून द्याचा, म्हणजे हिचा हात लवकर मोकळा व्हावा. वर्षभर बिड्या वळल्या अन् तिसऱ्या डावाले..."

"काकाजी," रक्षा म्हणाली. "मुंबईच्या बाईनं बिड्या वळल्या?"

खाली औषधाच्या दुकानात कोणीतरी मोठ्याने गोळ्यांचे नाव विचारत होते.

"नाही," यादोराव म्हणाले. "त्या मी वळल्या."

तिने पुस्तक मिटले. "किती डाव पडले तुमी?"

"दोन."

"कायच्यात?"

"गणित अन् इंग्रजी."

"मी एकाच विषयात पडली होती." ती रागाने बोलत नव्हती, हे यादोरावांना जास्त जड गेले. "त्या शनिवारी हे सांगतलं असतं तुमी, त काय गेलं असतं तुमचं?"

"काही नाही."

"मी पुस्तक वापस कराले नव्हती आल्ती, काकाजी. पुस्तक ठेवाले आठ दिवस बाकी होते अजून."

वरून हाक आली. थेंबांची वेळ झाली होती. रक्षाने गार चहा एका घोटात संपवला, पुस्तक यादोरावांच्या पिशवीत नीट, कव्हर दुमडणार नाही असे ठेवले आणि दोन-दोन पायऱ्या चढत वर गेली. दारातून तिचा आवाज आला. ती कोणाचे तरी नाव वाचत होती, पूर्ण, गावासकट.

यादोराव साडेचारच्या एसटीने अड्याळला उतरले आणि घरी न जाता वाचनालयात गेले. जुन्या नोंदवह्या माळ्यावर होत्या. २००९ ची सापडायला वेळ लागला. नव्या डोळ्याला अक्षर स्वच्छ दिसत होते. दाखल क्रमांक, वाचकाचे नाव, दिल्याची तारीख सहा जून, परतीची मुदत एकवीस जून, परत आल्याची तारीख तेरा जून. तिन्ही तारखा एका ओळीत, त्यांच्याच हस्ताक्षरात होत्या. मुदत चुकवणाऱ्याच्या घरी चहाला जाणाऱ्या यादोरावांनी, कोणी आधी का आले, हे साडेनऊ वर्षांत एकदाही पाहिले नव्हते.